चौऱ्याण्णव जणांचा होकार

फेब्रुवारी 2005. पुण्याला लागून असलेल्या भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांच्या शेजाराला, केंद्र सरकारची एक संशोधन संस्था आहे. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था हे तिचं तेव्हाचं पूर्ण नाव, पण पुण्यात सगळे तिला ‘नारी’ म्हणूनच ओळखत. या संस्थेनं त्या महिन्यात एचआयव्हीविरोधी लशीची भारतातली पहिली मानवी चाचणी सुरू केली. 7 फेब्रुवारीला केंद्रीय आरोग्यमंत्री अंबुमणी रामदोस यांनी तिची घोषणा केली आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत पुण्याचं नाव देशभर झळकलं.

लस टोचून घेणार होते तीस जण. त्यांच्यापैकी कोणीही आजारी नव्हतं, आणि आजारी नसणं हीच चाचणीत येण्याची पहिली अट होती. आपल्याला न झालेल्या आणि बहुधा कधी होणारही नसलेल्या रोगासाठी त्यांनी दंड पुढे करायचा होता. त्या काळी एड्स हा शब्द घराघरांत दबक्या आवाजात उच्चारला जाई, म्हणून या माणसांकडे काय मागितलं जात होतं आणि ते कसं मागितलं गेलं, याला लशीच्या शास्त्राइतकंच महत्त्व होतं.

लशीची आशा तशी जुनी होती. 23 एप्रिल 1984 रोजी अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी एड्सला कारणीभूत असलेला विषाणू सापडल्याचं जाहीर केलं आणि साधारण दोन वर्षांत लस चाचणीसाठी तयार होईल, असंही सांगितलं. देवी, पोलिओ, गोवर यांच्या लशी पाहिलेल्या पिढीला त्यात अशक्य काही वाटलं नाही. पण हा विषाणू वेगळा निघाला. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशींमध्येच तो घुसतो, आपली जनुकं त्यांच्या गुणसूत्रांत कायमची बसवून टाकतो आणि दर पिढीत इतका बदलतो की कालची प्रतिपिंडं आज निरुपयोगी ठरतात. देवीतून बरी झालेली माणसं डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर होती. शरीरानं काय केलं की रोग हटतो, हे त्यांच्याकडून शिकता येत होतं. एचआयव्हीतून आपोआप बरं झालेलं माणूस कोणाच्याच पाहण्यात नव्हतं. शिवाय मारलेला किंवा दुबळा केलेला जिवंत विषाणू टोचण्याची जुनी वाट इथे धोक्याची होती. एखादा विषाणू जरी तगला, तरी निरोगी माणसाला आयुष्यभराचं दुखणं लागलं असतं.

भारतात हा विषाणू पहिल्यांदा आढळला तो 1986 मध्ये मद्रासला. मद्रास मेडिकल कॉलेजातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक डॉ. सुनीती सोलोमन यांनी सेलप्पन निर्मला या विद्यार्थिनीला देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताची तपासणी हा विषय दिला होता. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातल्या. पुढे त्यांनी उभ्या केलेल्या एड्स संशोधन केंद्राला वडिलांचं, वाय. आर. गायतोंडे यांचं नाव दिलं. निर्मला यांनी सरकारी सुधारगृहातल्या बायकांचे नमुने गोळा केले, ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तपासले गेले आणि सहा नमुने दूषित निघाले. एड्स हा पाश्चात्त्यांचा रोग आहे, या समजुतीला त्या दिवशी तडा गेला.

रक्त कशाच्या तपासणीसाठी घेतलं जातंय, हे मात्र त्या बायकांना सांगितलेलं नव्हतं. त्या काळी तशी रीतच नव्हती. सुधारगृहात ठेवलेल्या बाईला विचारायचं काय, असाच सगळ्यांचा समज होता.

तीन वर्षांनी गोव्यात हाच प्रकार अधिक उघडपणे घडला. डॉमिनिक डिसूझा हा तिशीला आलेला तरुण निसर्गसंवर्धनाच्या संस्थेत काम करायचा आणि नेमानं रक्तदान करायचा. फेब्रुवारी 1989 मध्ये पोलिसांनी त्याला बोलावून घेतलं आणि क्षयरोग्यांच्या एका जुन्या रुग्णालयात नेऊन कोंडलं. त्यानं दिलेल्या रक्तात एचआयव्ही सापडला होता आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला अलग ठेवण्याची तरतूद होती. तो 64 दिवस तिथे होता. त्याच्या आईनं मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. डॉमिनिकची सुटका झाली, पण न्यायालयानं ती तरतूद रद्द केली नाही. पुढे त्यानं ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था काढली आणि 1992 मध्ये तो वारला. त्याच्या आयुष्यावरून स्फुरलेला ‘माय ब्रदर निखिल’ हा चित्रपट 2005 च्या मार्चमध्ये पडद्यावर आला, तेव्हा भोसरीतल्या चाचणीला जेमतेम दीड महिना झाला होता.

नारीची स्थापना भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं ऑक्टोबर 1992 मध्ये केली. पुणे सोयीचं होतं. राष्ट्रीय विषाणू संस्था इथे होती, ससून आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय होतं. आणि पुण्या-मुंबईत रोगही पसरत चालला होता. 1993 च्या मे महिन्यापासून नारीच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्यानं पुण्यातल्या गुप्तरोगांच्या बाह्यरुग्ण विभागांत येणाऱ्या स्त्रीपुरुषांचा दीर्घ अभ्यास आरंभला. शुक्रवार पेठेतल्या गाडीखान्याच्या महापालिका दवाखान्यात दिवसभर रांग असे. तिथे माणसाला आडोशाला बसवून बोलणं, त्याची तपासणी करणं, निरोध कसा वापरायचा ते समजावणं आणि तीन महिन्यांनी परत यायला सांगणं, असं ते काम होतं. माणूस परत येईल की नाही, हे त्याला पहिल्या दिवशी कशी वागणूक मिळाली यावर ठरायचं.

याच अभ्यासातून 1997 साली एक शोधनिबंध निघाला. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. या दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या 391 स्त्रियांपैकी सुमारे 14 टक्के एचआयव्हीबाधित होत्या. त्यांतल्या बहुतेकींचा नवऱ्याखेरीज कोणाशीही संबंध आलेला नव्हता. आपण जोखमीत आहोत हे त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी नवऱ्याला निरोध वापरायला लावण्याची त्यांची घरात प्राज्ञा नव्हती. लस का हवी, या प्रश्नाचं याहून सबळ उत्तर दुसरं नव्हतं. निरोधाला जोडीदाराची संमती लागते. लस बाईला स्वतःची स्वतः घेता आली असती.

जगभरात तोवर ज्या लशी तयार होत होत्या, त्या मुख्यतः अमेरिका-युरोपात आढळणाऱ्या ‘ब’ उपप्रकारावर बेतलेल्या होत्या. भारतातले नव्वद टक्क्यांहून अधिक संसर्ग ‘क’ उपप्रकाराचे. दक्षिण आफ्रिकेतही तोच. ज्या विषाणूनं जगात सर्वांत जास्त माणसं गाठली होती, त्याच्यासाठी लस करण्यात औषध कंपन्यांना रस नव्हता, कारण ती माणसं गरीब देशांतली होती. ही उणीव भरून काढण्यासाठी 1996 मध्ये न्यूयॉर्कला आंतरराष्ट्रीय एड्स लस उपक्रम, म्हणजे ‘आयावी’ ही ना-नफा संस्था निघाली. 2001 साली भारताचं आरोग्य मंत्रालय, राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नॅको), आयुर्विज्ञान परिषद आणि आयावी यांच्यात करार झाला आणि भारताचा लस कार्यक्रम रीतसर उभा राहिला. परिषदेच्या महासंचालकपदी तेव्हा डॉ. निर्मल कुमार गांगुली होते. पुण्यातली चाचणी सुरू होईपर्यंत देशात पन्नास लाखांहून अधिक लोक बाधित असल्याचा अंदाज होता आणि हा आकडा कुठवर जाईल याची दिल्लीला धास्ती होती.

पुण्यात आलेल्या पहिल्या लशीचं नाव होतं टीजीएएसी09. अमेरिकेतल्या सिएटलच्या टार्गेटेड जेनेटिक्स या कंपनीनं ती बनवली होती. माणसाला कोणताही आजार न करणारा एक छोटा विषाणू निवडायचा, त्याच्या पोटातला मजकूर काढून टाकायचा आणि त्याच्या कवचात एचआयव्हीच्या ‘क’ उपप्रकाराची मोजकी जनुकं भरायची, अशी ती रचना. पाकीट एकाचं, चिठ्ठी दुसऱ्याची. पेशी ती चिठ्ठी वाचतात, एचआयव्हीची काही प्रथिनं तयार करतात आणि शरीर त्यांच्यावर चाल करायला शिकतं. पूर्ण विषाणू लशीत नसल्यामुळे तिच्यातून एड्स होणं शक्य नव्हतं. हीच लस आधी जर्मनी आणि बेल्जियममध्ये पन्नास जणांना देण्यास सुरुवात झाली होती.

‘शक्य नव्हतं’ हे शास्त्रज्ञाला ठाऊक असतं. ज्याच्या दंडात सुई जाणार, त्याला ते पटवून द्यावं लागतं. डॉ. संजय मेहेंदळे हे या चाचणीचे प्रमुख संशोधक होते. त्यांच्या गटानं लस येण्याआधीच महिलामंडळं, स्वयंसेवी संस्था, वकील, पत्रकार, लोकप्रतिनिधी आणि एचआयव्हीसह जगणारे लोक यांच्याशी बोलायला सुरुवात केली होती. गोऱ्यांच्या लशीसाठी भारतीयांचा गिनीपिग होतोय, हा आक्षेप तेव्हा जोरात होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. चाचणीच्या काळात कुणाला अन्य मार्गानं संसर्ग झाला, तर औषधोपचाराचा खर्च कोण करणार? लशीनं इजा झाली तर भरपाई कोण देणार? लस यशस्वी ठरलीच, तर ती इथल्या माणसाला परवडेल का? या प्रश्नांची उत्तरं कागदावर आणल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

मग यायची संमती. तिची पद्धत बारकाईनं पाहण्यासारखी होती. माहितीपत्रक मराठीत होतं. समुपदेशक ते स्वयंसेवकासमोर बसून समजावून सांगायचे. ही लस संरक्षण देते की नाही हे कोणालाही माहीत नाही, ही चाचणी फक्त सुरक्षितता आणि शरीराचा प्रतिसाद तपासण्यासाठी आहे, काही जणांना लशीऐवजी नुसतं द्रावण टोचलं जाईल आणि कोणाला काय मिळालं हे टोचणाऱ्या डॉक्टरलाही कळणार नाही, कधीही कारण न देता बाहेर पडता येईल. एवढं झाल्यावर त्या माणसालाच प्रश्न विचारले जायचे. लस घेतल्यावर मी सुरक्षित झालो असं समजायचं का? याचं उत्तर चुकलं, तर पुन्हा पहिल्यापासून समजावणं. समज पक्की झाल्याशिवाय सही घ्यायची नाही.

त्यात एक अडचण अशी होती की ती कोणत्याही प्रयोगशाळेला पूर्णपणे टाळता येत नव्हती. एचआयव्हीची नेहमीची चाचणी रक्तातली प्रतिपिंडं शोधते, आणि लशीचं कामच मुळी प्रतिपिंडं तयार करणं. लस घेतलेला निरोगी माणूस एखाद्या चाचणीत ‘पॉझिटिव्ह’ दिसण्याची शक्यता त्यामुळे असते. लग्न ठरताना, विम्याच्या तपासणीत, परदेशी नोकरीच्या वैद्यकीय अहवालात असा शेरा पडला तर काय होईल, हे 2005 च्या महाराष्ट्रात कोणाला वेगळं सांगायला नको होतं. खरा संसर्ग आणि लशीचा परिणाम यांतला फरक दाखवणाऱ्या वेगळ्या चाचण्या असतात, आणि त्या करून देण्याची जबाबदारी संशोधकांची असते. पण शेजारपाजाऱ्यांच्या नजरेसाठी अशी चाचणी नसते. ही जोखीम समजून उमजून तीस जणांनी होकार दिला. घरच्यांना सांगायचं की नाही, इथपासून त्यांना विचार करावा लागला असणार.

लशीनं कोणालाही गंभीर इजा केली नाही. पण शरीरानं तिची फारशी दखलही घेतली नाही. युरोप आणि भारतातले मिळून 80 स्वयंसेवक. सर्वांत मोठी मात्रा मिळालेल्यांपैकी साधारण पाचांतल्या एकाच्या पेशींनी प्रतिसाद दिला, तोही माफक. 2008 मध्ये मेहेंदळे आणि सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष जसेच्या तसे प्रसिद्ध केले. ज्या पाकिटावर भिस्त होती, त्याचा पुढे दुसऱ्याच कामी उपयोग झाला. ही लस रचणारे शास्त्रज्ञ फिलिप जॉन्सन यांनी तोच विषाणू वापरून तयार प्रतिपिंडांची जनुकं थेट माकडांच्या स्नायूंत पोहोचवली आणि 2009 मध्ये त्यांतली बहुतेक माकडं संसर्गापासून वाचल्याचं दाखवून दिलं.

दुसरी लस चेन्नईच्या वाट्याला आली. टीबीसी-एम4 ही कोलकात्याच्या राष्ट्रीय कॉलरा व आंत्ररोग संस्थेच्या सहभागानं रचलेली लस. तिच्यासाठीची जनुकं भारतात आढळणाऱ्या ‘क’ विषाणूची होती. वाहन होतं एमव्हीए, म्हणजे देवीच्या लशीतल्या विषाणूचा एक दुबळा भाऊ. म्युनिकच्या अँटन मायर यांनी तो कोंबडीच्या गर्भपेशींत पाचशेहून अधिक वेळा वाढवला, तेव्हा माणसाच्या शरीरात वाढण्याची त्याची ताकदच संपली. जर्मनीत देवीच्या मोहिमेत तो लाखाहून जास्त लोकांना टोचला गेला होता, त्यामुळे त्याच्या सुरक्षिततेचा अनुभव गाठीशी होता. जानेवारी 2006 मध्ये चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्रात डॉ. व्ही. डी. रामनाथन यांच्या देखरेखीखाली 32 जणांवर चाचणी सुरू झाली. प्रत्येकाला सहा महिन्यांत तीन टोचण्या.

प्रतिसाद मोजण्याची रीत किचकट आणि संयम पाहणारी. स्वयंसेवकाच्या रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, बारीक खळगे असलेल्या पट्टीवर त्या ठेवायच्या, एचआयव्हीच्या प्रथिनांचे तुकडे त्यांना दाखवायचे आणि वाट पाहायची. शत्रू ओळखणारी पेशी एक द्रव्य सोडते आणि तिच्या जागी एक ठिपका उमटतो. मग ठिपके मोजायचे. पुण्यात ही पट्टी बहुतेकांची जवळपास कोरी राहिली होती. चेन्नईत तीन टोचण्यांनंतर कमी मात्रेच्या गटात 82 टक्के आणि जास्त मात्रेच्या गटात शंभर टक्के लसधारकांच्या पेशींनी ठिपके उमटवले. भारतीय लस कार्यक्रमाचा हा सर्वांत आनंदाचा निकाल.

पण तोवर बाहेरचं हवामान बदललं होतं. टीबीसी-एम4 बनवणारी थेरियन ही अमेरिकी कंपनी कर्करोगावरच्या लशीच्या अपयशानंतर 2006 च्या अखेरीस बंद पडली. जनुकं भारताची, स्वयंसेवक भारताचे, पण लस तयार करणारा कारखाना मॅसॅच्युसेट्समध्ये, आणि आता त्यालाच टाळं. सप्टेंबर 2007 मध्ये मर्क या औषध कंपनीच्या एचआयव्ही लशीची मोठी चाचणी थांबवावी लागली. पेशींचा उत्तम प्रतिसाद मिळूनही संसर्ग टळला नव्हता, उलट काही गटांत लस घेतलेल्यांमध्येच तो जास्त दिसला. ठिपके उमटले म्हणजे संरक्षण मिळालं, हे गृहीतकच कोसळलं. त्याच वर्षी जुलैत राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आधारे भारतातल्या बाधितांचा अंदाज निम्म्यावर, म्हणजे 25 लाखांवर आला. ही बातमी चांगलीच होती. मात्र आकडा उतरला तशी लशीची निकडही अनेकांच्या मनातून उतरली.

तरीही 2009 मध्ये पुणे आणि चेन्नई या दोन्ही शहरांत मिळून तिसरी चाचणी झाली, पुन्हा 32 जणांवर. निम्म्यांना आधी न्यूयॉर्कच्या आरन डायमंड केंद्राची ‘अ‍ॅडव्हॅक्स’ ही डीएनए लस आणि मग टीबीसी-एम4, उरलेल्यांना नुसती टीबीसी-एम4, असा तो आराखडा. प्रत्येक गटात काही जणांना नुसतं द्रावण. त्याच सप्टेंबरात थायलंडमधून बातमी आली. रायाँग आणि चोनबुरी प्रांतांत सोळा हजारांहून अधिक स्वयंसेवकांवर घेतलेल्या चाचणीत दोन लशींच्या जोडीनं संसर्ग 31 टक्क्यांनी कमी केला होता. परवान्याला हे पुरेसं नव्हतं, पण लस अशक्य नाही याचा जगाला मिळालेला तो पहिला पुरावा. भारतातल्या तिसऱ्या चाचणीचे निष्कर्ष 2013 मध्ये आले. दोन्ही पद्धती सुरक्षित, पेशींचा प्रतिसाद आहे, प्रतिपिंडंही आहेत, मात्र चिवट विषाणूंना रोखतील अशी प्रतिपिंडं नाहीत.

तीन चाचण्या, 94 माणसं. त्यापुढचा टप्पा, हजारोंवरची परिणामकारकता चाचणी, भारतात आलाच नाही. संशोधन पुन्हा प्रयोगशाळेत गेलं. अनेक उपप्रकारांना एकाच वेळी रोखणारी प्रतिपिंडं शोधण्यासाठी जैवतंत्रज्ञान विभागाच्या दिल्लीलगतच्या संस्थेत आयावीच्या साथीनं खास प्रयोगशाळा उभी राहिली. दक्षिण आफ्रिकेनं ती मोठी चाचणी केली, 5,407 जणांवर, ‘क’ उपप्रकारावर बेतलेल्या लशीनं. फेब्रुवारी 2020 मध्ये ती निष्फळ म्हणून थांबली. 2021 आणि 2023 मध्ये आणखी दोन मोठ्या चाचण्यांची हीच गत झाली.

मग भोसरीत जे झालं ते वाया गेलं का? ज्यांनी फक्त लशीची वाट पाहिली त्यांना तसं वाटेल, पण हिशेब तेवढा सरळ नाही. दवाखान्यात विश्वासानं परत येणारी माणसं, नेमकी संमती घेणारे समुपदेशक, जगात कुठेही ग्राह्य धरले जातील असे निकाल देणारी प्रयोगशाळा, ही सगळी पुंजी पुण्या-चेन्नईत आधीच्या अभ्यासांतून जमत आली होती आणि लस चाचण्यांनी ती पक्की केली. तिच्याच बळावर नारी आणि सुनीतीबाईंचं केंद्र नऊ देशांतल्या 1,763 जोडप्यांच्या त्या प्रसिद्ध अभ्यासात सहभागी झालं. बाधित जोडीदारानं औषधं लवकर सुरू केली, तर दुसऱ्याला होणारा संसर्ग 96 टक्क्यांनी घटतो, हे 2011 मध्ये या अभ्यासानं सिद्ध केलं आणि जगभरातलं उपचारांचं धोरण बदललं. गाडीखान्याच्या रांगेतल्या बायकांना हवं होतं ते संरक्षण लशीऐवजी नवऱ्याच्या गोळीतून आलं. आणि 2020 च्या टाळेबंदीत रोज संध्याकाळी दूरचित्रवाणीवर करोनाची माहिती शांतपणे देणारे आयुर्विज्ञान परिषदेचे अधिकारी म्हणजे तेच डॉ. गंगाखेडकर होते.

यशाच्या बाजूनं इतकं मांडलं, तरी अपयशाची कारणंही नोंदवायला हवीत. राष्ट्रीय म्हणवणाऱ्या कार्यक्रमाकडे स्वतःचा लशीचा कारखाना नव्हता, तोही पुण्यासारख्या लशींच्या गावात. पहिल्या टप्प्यापलीकडे जाण्याचं ठोस वेळापत्रक लोकांसमोर आलं नाही. आणि ज्यांनी होकार दिला त्यांची सार्वजनिक नोंद कुठेच नाही. त्यांची नावं गुप्त राहायलाच हवीत, पण त्यांचं काम तरी शाळेच्या पुस्तकात एखाद्या परिच्छेदात यावं.

भारतात आजही 25 लाखांवर लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि 2023 च्या अंदाजानुसार वर्षाला 68 हजारांवर नवे संसर्ग होतात. लेनाकॅपाविर या औषधाचं इंजेक्शन वर्षातून दोनदा घेतलेल्या 2,134 आफ्रिकी तरुणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही, असं 2024 मध्ये दिसून आलं. त्याची स्वस्त आवृत्ती 2027 पासून वर्षाला 40 डॉलरमध्ये देण्याचे करार हैदराबादच्या दोन कंपन्यांनी केले आहेत. ही लस नव्हे. दर सहा महिन्यांनी दवाखाना गाठावाच लागेल, आणि ते ज्यांना सर्वांत कठीण त्यांनाच त्याची सर्वांत जास्त गरज आहे. ते इंजेक्शन भारतात येईल तेव्हा नॅकोला आणि राज्यांना पुन्हा एकदा निरोगी माणसांच्या दारी जावं लागेल. ते काम कसं करायचं, हे भोसरी आणि चेन्नईतल्या समुपदेशकांना ठाऊक आहे. त्यांना या वेळी सुरुवातीपासून सोबत घेणं, ही दिल्लीची जबाबदारी आहे.